हिवाळ्यातील शेजारधर्म : महाराष्ट्रातील वन्यजीव आणि लोकांची जबाबदारी

प्रास्ताविक

हिवाळा म्हणजे निसर्गाच्या विश्रांतीचा काळ, अशी समजूत महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गात बरीच रूढ आहे आणि तिचे मूळ बहुधा थंड देशांतील पुस्तकांत व चित्रांत सापडते. उत्तर युरोपात डिसेंबरमध्ये दिवस आठ तासांच्या आसपास किंवा त्याहूनही लहान होतो, जमीन गोठते, किडे आणि बिया बर्फाखाली जातात, आणि म्हणून तेथील लोक अंगणात दाणे व चरबीचे गोळे टांगून पाखरांना जगवतात. ही रीत त्या हवामानातून आलेली असून तेथे ती योग्यच आहे. दख्खनच्या पठारावर आणि कोकणात मात्र चित्र जवळजवळ उलटे असते. पावसाळ्यात भरलेली तळी, बी धरलेले गवत, नाकतोड्यांनी गजबजलेली माळराने, रब्बीची पिके आणि सुमारे अकरा तासांचा स्वच्छ दिवस यांमुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ येथील कित्येक प्राण्यांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत धामधुमीचा असतो. हजारो मैलांवरून पाहुणे पक्षी याच काळात येतात, लांडग्याची पिल्ले याच काळात बिळात जन्मतात, गिधाडे कड्यावर घरटे धरतात, आणि समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी वाळूवर चढतात.

या वस्तुस्थितीवरून मदतीचा अर्थही बदलतो. येथील हिवाळ्यात वन्य प्राण्यांना माणसाच्या हातून अन्न मिळण्याची गरज फारशी नसते. निर्वेध जागा, शांत रात्र आणि ऋतू ओळखून वागणारा शेजारी यांची गरज मात्र फार मोठी असते. प्रस्तुत व्याख्यानात या वागण्याला ‘शेजारधर्म’ असे म्हटले आहे. शेजारधर्मात दानापेक्षा राखणीला अधिक महत्त्व आहे, आणि राखण करायची तर आधी शेजारी कोण, तो कधी येतो, कोठे झोपतो आणि कशाला भितो हे जाणून घ्यावे लागते. निसर्गाशी नाते जोडणे आणि वन्यजीवांना साह्य करणे ही दोन वेगळी कामे नसून पहिल्याशिवाय दुसरे नीट होत नाही, हे पाणथळ, माळरान, उसाचा फड, समुद्रकिनारा आणि शहर या पाच ठिकाणांच्या आधारे येथे मांडले आहे.

पाणथळ : पाहुण्यांचा मुक्काम

ऋतुमानानुसार ठरावीक प्रदेशांदरम्यान प्राण्यांनी नियमितपणे ये-जा करण्याला स्थलांतर म्हणतात, आणि पक्ष्यांचे अनेक थवे ज्या विस्तीर्ण पट्ट्यातून ही ये-जा करतात त्याला उड्डाणमार्ग असे नाव आहे. महाराष्ट्र ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो तो आर्क्टिक प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला असून त्यात सुमारे ३० देशांचा समावेश होतो. मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातील तळ्यांकाठी वाढणारा पट्टकदंब हा हंसकुळातील पक्षी हिमालय ओलांडून येथे येतो. या प्रवासात काही पक्षी ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचे उपग्रह-यंत्रांनी नोंदवले आहे, आणि विरळ हवेतून प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवणारे रक्तातील हिमोग्लोबिन हे त्याच्या या सामर्थ्याचे एक कारण आहे.

भारतात अशा प्रवासाचा पद्धतशीर अभ्यास डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केला. पक्षी अलगद पकडून त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके वळे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे, म्हणजे तो पुढे कोठेही सापडला तरी त्याची वाट कळते, अशी ही साधी पद्धत आहे. तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती अशी की हिवाळी पाहुण्यांपैकी कित्येक पक्षी वर्षानुवर्षे त्याच तळ्यावर, त्याच ओढ्यावर, कधी तर त्याच बागेत परत येतात. एखादे तळे बुजवले तर तेथले पक्षी शेजारच्या तळ्यावर सुखाने जातील, हा युक्तिवाद या ज्ञानासमोर लंगडा पडतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ असलेले नांदूर मधमेश्वर हे या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे. ब्रिटिश काळात सिंचनासाठी येथे बंधारा बांधला गेला, वरून वाहत आलेला गाळ त्यामागे साचत गेला, त्या गाळाची उथळ बेटे तयार झाली, आणि माणसाने पिकासाठी अडवलेल्या पाण्यातून पक्ष्यांचे एक मोठे घर आपोआप उभे राहिले. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी सूची ठेवली जाते, तिच्यातील जागेला रामसर स्थळ म्हणतात. पुढे लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांचाही या सूचीत समावेश झाला.

अशा जलाशयावर पाण्याची खोली हीच खरी व्यवस्था असते. काठावरच्या ओल्या चिखलात चिखल्या आणि तुतवार टिपत फिरतात. वीतभर पाण्यात लांब पायांचा शेकाट्या आणि लांब चोचीचा पाणटिवळा उभे असतात. त्यापुढे तलवार बदक शेपूट वर करून, डोके बुडवून तळाचे खाद्य शोधते. आणि वारकरी पक्षी खोल पाण्यात बुड्या मारतात. थापट्या बदकाकडे दुर्बिणीतून नीट पाहिले तर त्याची चोच पुढे चमच्यासारखी पसरलेली आणि तिच्या कडांना कंगव्याचे बारीक दाते असलेली दिसते. तो चोच पाण्याला टेकवून पुढे सरकतो, पाणी कडांनी गळून जाते आणि सूक्ष्म जीव व बिया दात्यांवर अडकतात. कित्येकदा थापट्ये एकमेकांमागे गोल फिरतात आणि त्यामुळे ढवळून वर आलेले खाद्य मागच्याला मिळते. पाणी एक हात वाढले किंवा उतरले तर या सगळ्यांची पंगत उठते.

म्हणूनच सिंचनाचे आवर्तन, म्हणजे कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडण्याचा क्रम, हा पक्ष्यांच्याही जगण्याचा प्रश्न ठरतो. निफाडसारख्या द्राक्षाच्या आणि गव्हाच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या पाण्याला पहिला हक्क असणार, यात दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जलाशय एकाएकी रिता किंवा तुडुंब न होता टप्प्याटप्प्याने उतरावा, एवढी काळजी जलसंपदा विभाग, वन विभाग आणि काठावरची गावे यांच्या बोलण्यातून घेता येण्याजोगी आहे. उजनी आणि जायकवाडी धरणांच्या काठी पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर जी गाळपेर होते, तिच्याबाबतही हेच सांगता येईल. काठाचा थोडा पट्टा नांगराविना आणि विषारी फवारणीविना राहिला, तरी चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना तो पुरतो.

भेट देणाऱ्यांचा शेजारधर्म याहून सोपा आहे. उजनीच्या जलाशयावर भिगवण परिसरात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील अनेक जण आता हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात, आणि या उत्पन्नामुळे पक्षी जिवंत राहण्यात गावाचा प्रत्यक्ष लाभ निर्माण झाला आहे. मात्र उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून होडी थव्यात घालण्याचा आग्रह पाहुणेच धरतात, तेव्हा बिघाड सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासाआधी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, काही लहान पक्ष्यांचे वजन तर जवळजवळ दुप्पट होते, आणि विनाकारण घ्यावी लागलेली प्रत्येक झेप ही शिदोरी कमी करते. चरणाऱ्या पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या की अंतर ओलांडले गेले, असे समजून तेथेच थांबावे, हा नियम कोणालाही पाळता येतो. मुंबईच्या बंदरात लाँचमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकण्याची जी सवय पडली आहे, तीही याच न्यायाने सोडली पाहिजे. तेलामिठाचे फरसाण हे समुद्रपक्ष्याचे अन्न नव्हे, आणि मासे, किडे व किनाऱ्यावरची मेलेली जीवजात खाऊन स्वच्छता राखणाऱ्या पक्ष्याला माणसाच्या मागे लावणे हे त्याचे भले नव्हे.

माळरान : गवताची राखण

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशातील माळरान सरकारी दप्तरांत बहुधा पडीक म्हणून नोंदले जाते, आणि या एका नोंदीने त्याचे जितके नुकसान केले आहे तितके दुष्काळानेही केलेले नाही. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत, कारखाना काढावा, कचरा टाकावा, असे कोणालाही वाटते. वास्तविक गवत, काटेरी झुडपे आणि उघडी मुरमाड जमीन यांची ही स्वतंत्र परिसंस्था असून चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक हे तिचे मूळ रहिवासी आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या परिसरात अभयारण्य घोषित झाले, तरी आज महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. माळरानाला मोकळी जमीन समजण्याची किंमत काय असते, हे यावरून कळावे.

हिवाळ्यात या माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी येतो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येणारे भोवत्ये दिवसभर गवतावरून खालून खालून घिरट्या घेत नाकतोडे, सरडे आणि लहान पक्षी टिपतात, आणि सूर्यास्ताच्या सुमारास चहूकडून एकत्र येऊन उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात. सकाळी त्या जागी त्यांनी ओकून टाकलेल्या, न पचलेल्या अवशेषांच्या गुठळ्या सापडतात, आणि त्या फोडून पाहिल्या तर त्यांत नाकतोड्यांचे पाय व जबड्यांचे तुकडे भरलेले दिसतात. शेतकऱ्याच्या पिकावरचा भार हा पाहुणा किती हलका करतो, याचा तो हातात घेऊन पाहता येईल असा पुरावा आहे. जमिनीवर झोपणाऱ्या अशा पक्ष्यासाठी रात्री लागलेली आग म्हणजे घराला लागलेली आग असते. लांडग्याची मादीही याच थंडीच्या दिवसांत माळावरच्या बिळात किंवा ओघळीच्या कपारीत विते, आणि डोळे न उघडलेली पिल्ले आगीपासून पळू शकत नाहीत.

गवत जाळले की पुढच्या पावसात ते जोमाने येते, या समजुतीने अनेक ठिकाणी हिवाळ्याच्या अखेरीस माळ पेटवले जातात, तर काही वणवे विडी-काडीच्या निष्काळजीपणातून लागतात. जाळाने राखेचे खत होऊन काही काळ हिरवा फुटवा येतो हे खरे आहे, परंतु त्याबरोबर बी, किडे, अंडी आणि मातीवरचे आच्छादन जळते आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. यावर उपायही नवा नाही. वन विभाग हंगामाआधी ठरावीक पट्टे साफ करून किंवा नियंत्रितपणे जाळून आग पुढे पसरणार नाही अशी सोय करतो, त्या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. ज्या गावांनी गायरानाभोवती अशा रेषा काढल्या आणि गवत जाळण्याऐवजी कापून चाऱ्यासाठी वाटून घेतले, तेथे गुरांचेही भागते आणि माळही वाचतो. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणाकडे उतरणारे आणि वाटेत शेतांत खतासाठी मेंढ्या बसवणारे धनगर लांडग्याच्या सर्वांत निकटचे शेजारी आहेत. मेंढरू गेल्याची भरपाई त्यांना लवकर आणि फारशी कटकट न होता मिळणे, हीच लांडग्याला शहरातून करता येण्याजोगी सर्वांत मोठी मदत आहे.

माळाच्या कडेला ज्वारीच्या शेतांत हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियात टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्ले वाढवणारा हा पक्षी येथे कणसांवर तुटून पडतो, आणि तरीही शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या माच्यावर उभे राहून गोफण फिरवून त्याला हाकलले, त्याचा वंश संपवला नाही. पीक राखायचे आणि पाखरूही जगू द्यायचे, हा तोल या मातीतला आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलल्यावर हीच भोरडी फुलांतला मधुरस पिते आणि परागीभवनाला हातभार लावते, हे येथे नमूद केले पाहिजे.

सह्याद्रीच्या कड्यांचाही येथे उल्लेख करावा लागेल, कारण गिर्यारोहणाचा हंगाम आणि गिधाडांचा विणीचा हंगाम एकच आहे. भारतीय गिधाडाची जोडी हिवाळ्यात कपारीत एकच अंडे घालते आणि ते गेले तर ते वर्ष वाया जाते, म्हणून घरटी असलेल्या कड्यांवर दोर लावणे व ड्रोन उडवणे टाळणे हे गिर्यारोहण संस्थांनी स्वतःचे बंधन मानावे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडांचा संहार झाला आणि भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, परंतु बंदीची अखेरची अंमलबजावणी गोठ्यातच होते.

उसाचा फड : बछडे आणि माणसे

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर या तालुक्यांत कालव्यांचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले, आणि बारा महिने उभ्या असलेल्या या दाट पिकात बिबट्याने घर केले. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या संशोधनातून, जेथे जंगल नाही अशा शेतीच्या दाट वस्तीत बिबटे चुकून आलेले नसून कायमचे राहत आहेत, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले. तसेच पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्याने माणसांवरील हल्ले थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, हेही त्यांच्या जुन्नरच्या अभ्यासात दिसून आले.

गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात आणि कोयत्याने सरी मोकळी होत असताना पाचटात बिबट्याचे दोन-तीन बछडे सापडतात. मादी शिकारीला जाताना बछड्यांना दडवून ठेवते, म्हणून सापडलेले बछडे बहुतेक वेळा पोरके नसतात, त्यांची आई जवळच असते आणि रात्री त्यांना शोधत तेथेच येते. ते उचलून नेले तर बछडे कायमचे कैदेत जातात आणि चवताळलेली मादी परिसरात फिरत राहते. या अनुभवातून जी पद्धत रूढ झाली ती शेजारधर्माचा उत्तम नमुना आहे. मुकादम काम थांबवतो, वन विभागाला कळवले जाते, माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक येऊन बछड्यांची तपासणी करतात, आणि अंधार पडण्याच्या सुमारास बछडे खोक्यात किंवा क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवले जातात. गर्दी हटवली जाते, कुत्री बांधली जातात, उजेड विझवला जातो, आणि हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा दूरवर लावला जातो. मादी येते, हुंगते, एकेका बछड्याला मानेला धरून घेऊन जाते. रानमांजर आणि वाघाटी यांची पिल्लेही अशाच रीतीने आईकडे पोहोचवली गेली आहेत. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक असून तिची पिल्ले बिबट्याची समजून लोक घाबरतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे आणि लहान मुले मृत्युमुखी पडली आहेत, आणि ज्या घरातील मूल गेले त्या घराला सहजीवनाचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. बीड आणि अहिल्यानगरमधून आलेली ऊसतोड कुटुंबे फडाशेजारी कोप्यांत राहतात, पहाटेच्या अंधारात कामाला निघतात आणि त्यांची मुले बांधावर झोपलेली असतात. कोप्यांना दार आणि दिवा, मुलांसाठी पाळणाघर, जवळ शौचालय, आणि रात्रीऐवजी दिवसा शेतीपंपाला वीज, या मागण्या कामगारकल्याणाच्या खात्यात टाकल्या जातात. खरे तर त्या वन्यजीवरक्षणाच्याच मागण्या आहेत, कारण ज्या शेतात माणूस सुरक्षित नाही तेथे बिबट्याही फार काळ सुरक्षित राहत नाही.

किनारा : वेळासचा धडा

कोकणात नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूवर येतात, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा उकरतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परततात. त्यानंतर त्या अंड्यांकडे त्या कधीच येत नाहीत. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. तुलनेने थंड वाळूतून नर आणि उष्ण वाळूतून माद्या अधिक निघतात. कुत्री, कोल्हे आणि अंडी विकणारी माणसे यांच्यामुळे पूर्वी यातली फार थोडी घरटी शेवटाला जात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे हे काम हाती घेतले. पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पावलांचा माग काढायचा, घरटे शोधायचे, अंडी त्यांची बाजू न पालटता अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुरायची, आणि पिल्ले निघाली की ती किनाऱ्यावर सोडून त्यांना स्वतः चालत समुद्रात जाऊ द्यायचे, असा हा क्रम आहे. ज्यांना अंडी कोठे असतात हे सर्वांत चांगले ठाऊक होते, त्या गावकऱ्यांनाच कासवमित्र करण्यात आले. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव होऊ लागला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि कासवाच्या अंड्यांपेक्षा कासवाच्या पिल्लांतून अधिक लोकांचा चरितार्थ चालू लागला. गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवरही घरट्यांची अशी राखण होत आली आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कासवांच्या समुद्रवाटा त्यानंतर प्रथमच अशा प्रकारे अभ्यासल्या जाऊ लागल्या.

वेळासच्या कामातही पाहुण्याच्या वाट्याला अधिकाधिक बंधनेच येतात. पिल्ले समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात, म्हणून हॉटेलांचे आणि वाहनांचे दिवे त्यांना जमिनीकडे भरकटवतात. वाळूवर गाड्या फिरवल्या तर घरटी दबतात. पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह त्याच्या पहिल्या चालीत व्यत्यय आणतो. किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभे राहायचे आणि हात मागे ठेवायचे, एवढे केले तरी पाहुण्याने आपले काम केले.

शहर : मांजा, पाचोळा आणि जखमी पाखरू

शहरातील माणसाला वाटते की वन्यजीव दूर रानात आहेत, परंतु घार हिवाळ्यात शहरातल्याच उंच झाडावर घरटे बांधते, आणि उत्तरेकडून आलेले धोबी, थिरथिरा व वटवट्ये सोसायटीच्या कुंपणावर आणि मैदानावर वावरतात. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या वाटेत मांजा उभा राहतो. नायलॉनचा मांजा न तुटता पंखाचे स्नायू आणि हाड कापतो, आणि झाडावर अडकून राहिलेला तुकडा सण संपल्यावर कित्येक महिने वटवाघळांना, बगळ्यांना व घुबडांना फास लावत राहतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर अशा मांज्यावर बंदी घातली आहे. साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवावा, पक्षी थव्याने ये-जा करतात त्या पहाटेच्या व संध्याकाळच्या वेळा सोडाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी वस्तीतला तुटका मांजा गोळा करावा, हा संक्रांतीचा नवा कुळाचार व्हायला हवा.

जखमी पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन तो दगावू शकतो. पंखात गुंतलेला मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा. पक्ष्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात आणि शांत ठेवावे, आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जाळल्या जाणाऱ्या पाचोळ्यातही शेजारधर्माला जागा आहे. झाडाखाली साचलेल्या पानांत किडे, त्यांचे कोश आणि गांडुळे हिवाळा काढतात व त्यांच्यावर पाखरे जगतात, म्हणून सोसायटीच्या एका कोपऱ्यात पाचोळा कुजू देणे हे दाण्याच्या वाटीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

नाते कसे जुळते

या सगळ्या कामांच्या मुळाशी ओळख आहे. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला कुटुंबेच्या कुटुंबे शेतात जातात, कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा करतात, भज्जी आणि आंबिलाचे जेवण करतात. त्या दिवशी शहरात गेलेला मुलगाही उभे पीक, बांधावरची बोर आणि आकाशातले थवे पाहतो. ओळखीचे दुसरे, आधुनिक रूप म्हणजे गणना. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिच्यात कोणीही भाग घेऊ शकतो. थव्यातले दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरायची, मग तसे दहा गट मिळून शंभर किती जागा व्यापतात ते पाहायचे आणि त्या मापाने थवा मोजायचा, हे तंत्र शाळेतल्या मुलांनाही एका सकाळी जमते. एकाच तळ्यावर दहा वर्षे केलेली अशी नोंद त्या तळ्याच्या बाजूने कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलते. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणजे मराठीला रानाची भाषा देणारा लेखक आणि देशाला पक्षी मोजायला शिकवणारा शास्त्रज्ञ यांच्यामधला हा आठवडा आहे.

एका गावाच्या संयमाने किती दूरवर फरक पडतो, हे नागालँडमधील पांगती गावाने दाखवून दिले. सायबेरिया आणि उत्तर चीनमधून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाणारे अमूर ससाणे दोयांग जलाशयाकाठी उतरतात. २०१२ मध्ये तेथे जाळी लावून त्यांचे हजारोंनी शिरकाण होत असल्याचे उघड झाले, आणि ग्रामसभा, चर्च, वन विभाग व निसर्गसंस्था यांनी एकत्र बसून घेतलेल्या निर्णयामुळे २०१३ मध्ये तेथे एकही जाळे लागले नाही. तेच ससाणे नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जातात आणि पुढे अरबी समुद्र ओलांडतात.

समारोप

महाराष्ट्राला संयमाची परंपरा परकी नाही. वाळलेली काडीही न उचलण्याचा देवराईचा नेम, गोफणीने हाकलून जिवंत सोडलेली भोरडी, गाव वस्तीला असताना माळावर ऐकू येणारी लांडग्याची साद, ही सगळी एकाच वृत्तीची रूपे आहेत. त्या वृत्तीला आज कायद्याची, विज्ञानाची आणि न्याय्य भरपाईची जोड हवी, कारण राखणीचा खर्च धनगर, मच्छीमार, शेतकरी आणि ऊसतोड कामगार यांनीच सोसावा व आनंद शहराने घ्यावा, ही वाटणी टिकणारी नाही.

म्हणून प्रत्येक गावाने, शाळेने आणि सोसायटीने येत्या हिवाळ्यात आपल्या हद्दीतील एक जागा निवडावी. ते तळे असो, माळाचा तुकडा असो, किनाऱ्याचा पट्टा असो वा आवारातले एखादे जुने झाड असो. तेथे कोण येते आणि कधी येते याची वही ठेवावी, तेथे आग लागू देऊ नये, रात्र काळोखी व शांत ठेवावी, आणि ज्यांच्या पोटावर त्या राखणीचा भार पडतो त्यांची बाजू ग्रामसभेत मांडावी. एवढे पाच वर्षे नेमाने झाले, तर वन्यजीवांना दाणे टाकण्याची गरज या राज्यात कोठेही उरणार नाही.